ग्लूटेन-फ्री किराणा, खिशाला परवडेल असा

"डॉक्टरसाहेब, ग्लूटेन-फ्री आटा कुठं मिळते?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत कोराडीच्या माझ्या दवाखान्यात मला बरेचदा विचारला गेला आहे. विचारणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारच्या लोकांना वजन कमी करायचं असतं, किंवा मोबाईलवर कुणीतरी 'गहू म्हणजे विष' असं सांगितलेलं असतं. दुसऱ्या प्रकारचे लोक थोडे असतात. त्यांच्या हातात पोटविकारतज्ज्ञांची चिठ्ठी असते. तिच्यावर 'सिलिअॅक डिसीज' असं निदान असतं आणि खाली एक ओळ असते: आयुष्यभर ग्लूटेनमुक्त आहार.

आजचा लेख मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे, पण तेही महत्त्वाचं आहे, म्हणून वाचल्याशिवाय जाऊ नका.

आधी आजार समजून घेऊ

गहू, जव आणि राय या धान्यांत असलेल्या विशिष्ट प्रथिनांना मिळून ग्लूटेन म्हणतात. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना ती तुटत नाही, तो सगळा ग्लूटेनचा गुण. बहुतेक लोकांना त्याचा काहीही त्रास होत नाही. पण काही जणांमध्ये, जन्मतः मिळालेल्या विशिष्ट जनुकांमुळे, ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतलं अस्तर मखमलीसारखं असतं. त्यावर बारीक बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषून घेण्याचं काम तेच करतात. सिलिअॅकमध्ये हे उंचवटे झिजून सपाट होतात. मग माणूस खातो सगळं, पण अंगी काही लागत नाही.

लहान मुलांमध्ये वारंवार जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची अशी लक्षणं दिसतात. मोठ्यांमध्ये कधी कधी पोटाची तक्रार अजिबात नसते. फक्त हिमोग्लोबिन कमी असतं आणि लोहाच्या गोळ्या कितीही दिल्या तरी ते वर येत नाही. आपल्या विदर्भात हिमोग्लोबिन कमी म्हटलं की आधी सिकलसेलची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण सिकलसेल नाही, जंताचं औषध झालं, गोळ्या नियमित झाल्या, तरीही रक्त वाढत नसेल तर सिलिअॅकचा विचार करावा लागतो.

गहू हेच कारण आहे हे कळायला दुसरं महायुद्ध व्हावं लागलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाबद्दल आधीपासूनच संशय होता. त्यांना दिसलं की सगळा देश उपाशी असताना सिलिअॅकची मुलं मात्र सुधारत होती, आणि पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आजही या आजारावर गोळी नाही. आहार हेच औषध, आणि ते औषधाच्या दुकानात मिळत नाही, किराणा दुकानात मिळतं.

हा आजार फक्त गोऱ्या लोकांचा, असं आम्हाला विद्यार्थिदशेत वाटायचं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उत्तर भारतात तो १.२३ टक्के लोकांत, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळला. जनुकं तिन्हीकडे असतात. फरक मुख्यतः ताटातल्या गव्हाचा. नागपूर देशाच्या मध्यावर आहे आणि आपलं ताटही तसंच मध्यावरचं, अर्धं पोळीचं आणि अर्धं भाताचं. शिवाय कोराडीत औष्णिक वीज केंद्रामुळे उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यामुळे माझ्यासारख्या साध्या फिजिशियनलाही अधूनमधून असा रुग्ण भेटतोच.

पाकिटाचा हिशेब

एका मुलीची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची. वडील कंत्राटी कामगार, आई घरी शिवणकाम करते. वर्गातल्या मुलींपेक्षा ती डोकंभर बुटकी, हिमोग्लोबिन सात. सिकलसेल नव्हता. लोहाच्या गोळ्या वर्षभर चालू होत्या. रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी केली तर आकडा फार वाढलेला आला. नागपुरात पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला गेला आणि निदान पक्कं झालं.

पहिले दोन महिने छान गेले. जुलाब थांबले, मुलगी खेळायला लागली. तिसऱ्या महिन्यात वडील एकटेच आले. खिशातून किराण्याची बिलं काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, हे किती दिवस चालवायचं? पोरीचा आटा वेगळा, बिस्किटं वेगळी, शेवया वेगळ्या. आणि आटा आणला तरी खाऊन नाही राहिली ते. रबरासारखं लागते म्हणते."

मी बिलं पाहिली. नागपुरातल्या एका मोठ्या दुकानातून आणलेला ग्लूटेन-फ्री आटा २२० रुपये किलो. महिन्याला सात किलो, म्हणजे १,५४० रुपये. बिस्किटं, शेवया, 'केक मिक्स' धरून बिल तीन हजारांवर गेलं होतं. त्यांचा पगार चौदा हजार. "पुढच्या महिन्यापासून दिवसातून एक पोळी गव्हाची दिली तर चालेल का?" हे विचारायला ते आले होते.

उत्तर 'नाही' असंच होतं. सिलिअॅकमध्ये 'थोडंसं चालतं' असं नसतं. एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे ३,००० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेनसुद्धा काही महिन्यांत आतड्याला इजा करू शकतं, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. म्हणजे एका पोळीचे साठ तुकडे केले तर त्यातला एक. पण नुसतं 'नाही' म्हणून त्या माणसाला परत पाठवलं असतं तर ती पोळी सुरू झालीच असती, फक्त मला कळली नसती. खरा प्रश्न पैशाचा होता, तेव्हा उत्तरही पैशाचंच द्यायला हवं होतं.

मी पाकीट मागून घेतलं आणि मागची बाजू वाचली. मक्याचं स्टार्च, टॅपिओका स्टार्च, बटाट्याचं स्टार्च, तांदळाचं पीठ, चिकटपणासाठी डिंक. पोळीसारखी दिसणारी वस्तू बनवण्यासाठी ही सगळी खटपट. त्यात तंतू कमी, लोह कमी. रक्त कमी असलेल्या मुलीला आपण २२० रुपये किलोने स्टार्च खाऊ घालत होतो.

मी वडिलांना विचारलं, "तुमच्या आई काय खायच्या?"

"माय? माय तं ज्वारीची भाकर खायची."

ज्वारी कुठे गेली?

माझं लहानपण सत्तरच्या दशकातलं. तेव्हा विदर्भातल्या खेड्यांत रोजच्या जेवणात ज्वारीची भाकर असे. गव्हाची पोळी सणाला, पाहुणे आले की, नाहीतर लग्नाला. पुढे रेशनचा गहू आला, पंजाब-मध्य प्रदेशचा गहू स्वस्त झाला, आणि खरिपाच्या ज्वारीच्या जागी शेतात सोयाबीन उभं राहिलं. ताटही बदललं, आणि पोळी म्हणजे बऱ्या घरचं जेवण अशी समजूत झाली. त्या मुलीच्या आईला ज्वारीचं सुचवलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "आजारी पोरीला भाकर देऊ?" असं ती म्हणाली. तिच्या दृष्टीने आपण मुलीला एक पायरी खाली उतरवत होतो.

तिला मी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी यांत मुळातच ग्लूटेन नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. बाजरी आणि राजगिऱ्यात तांदळाच्या कितीतरी पट लोह असतं. सिलिअॅकच्या मुलाला नेमकं हेच कमी पडलेलं असतं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून हीच धान्यं चकचकीत पाकिटात 'मिलेट' म्हणून विकली जातात. पाकीट घेऊ नका, धान्य घ्या.

मग एका रविवारी मी स्वतः पिशवी घेऊन निघालो. आधी कोराडी-महादुल्यातली किराणा दुकानं, मग नागपूरला इतवारी. माझी पत्नी म्हणाली, "तीस वर्षांत घरचा किराणा कधी आणला नाही, आज पेशंटचा आणायला चालले!" पण पाहिल्याशिवाय सांगायचं कसं? त्या दिवशीच्या भावाने मुलीच्या महिन्याची यादी अशी झाली: ज्वारी चार किलो २०० रुपये, बाजरी एक किलो ४०, नाचणी एक किलो ६०, भगर अर्धा किलो ६०. एकूण ३६० रुपये. तांदूळ रेशनचा, तो जानेवारी २०२३ पासून मोफतच आहे. भाव वर-खाली होतात, तुमच्याकडे थोडा फरक असेल. पण १,५४० आणि ३६० यांतलं अंतर भावातल्या चढउताराने पुसलं जात नाही.

जिथे लोक फसतात

धान्य सोपं आहे. घोटाळा डब्यांत आणि पाकिटांत असतो.

हिंग. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. आपण फोडणीला वापरतो तो डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो बांधानी हिंग असतो, म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि पीठ. हे पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे ज्वारीची भाकर आणि तांदळाचा भात काटेकोरपणे करायचा, आणि वरणाच्या फोडणीतून रोज चिमूटभर गहू घालायचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, डबीवर वाचून घ्या. नाही मिळाला तर लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, वरणाचं काही अडत नाही.

भाजणी, मेतकूट, सातू. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात असतो. आपल्याकडचं सातूचं पीठ तर गहू आणि डाळ्यांचंच. घरी भाजणी करायची तर ज्वारी, तांदूळ, चणा डाळ, उडीद डाळ आणि धणे पुरेसे आहेत.

नाचणी बिस्किटं, ज्वारी बिस्किटं. पाकिटावर मोठं कणीस, मागे घटकांच्या यादीत मैदा किंवा गव्हाचं पीठ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे पहिलं नाव सर्वांत जास्त. ती यादी पूर्ण वाचा.

खपली गहू. 'जुना गहू आहे, देशी आहे, त्यात ग्लूटेन नसतं' असं सर्रास सांगितलं जातं. खपली हाही गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. शरबती, लोकवन, बन्सी, सगळे तसेच. रवा, सोजी, दलिया, शेवया, कुरडया, मैदा ही सगळी गव्हाचीच रूपं.

माल्ट. मुलांना दुधात घालून देतात त्या बऱ्याच पावडरींत आणि काही कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचं माल्ट असतं. मका आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाकिटावर नुसतं 'गहू नाही' असं लिहिलेलं असेल तरी जव असू शकतो.

ओट्स. ओट्समध्ये गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतात, गोदामात, गिरणीत ते गव्हात मिसळतात. शिवाय थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. सुरुवातीचं वर्ष ते बाजूलाच ठेवा, नंतर तज्ज्ञांना विचारून ठरवा. तसंही आपल्याकडे ज्वारी असताना ओट्सवाचून कुणाचं अडलेलं नाही.

बाहेरचं खाणं. सोनपापडीत मैदा असतो, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. आलूबोंड्याचं आवरण बेसनाचं, पण ज्या कढईत समोसे-कचोऱ्या तळल्या त्याच तेलातून तो निघतो. तर्री-पोह्यातले पोहे चालतात, वरचा चिवडा-शेव आणि तर्रीतला हिंग विचारावा लागतो.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहिता येतं. २० ते १०० च्या दरम्यान असेल तर ते 'लो ग्लूटेन', आणि ते सिलिअॅकच्या रुग्णासाठी नाही. गहू असेल तर तो अॅलर्जीच्या सूचनेत वेगळा सांगणंही बंधनकारक आहे. पाकीट घ्यायचंच असेल, उदाहरणार्थ वाढदिवसाला, तर हे पाहून घ्या.

खरा खर्च कुठे करायचा? दळणावर

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ज्वारी आणली, निवडली, आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या चक्कीवर दळायला पाठवली, तर वरची सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

हिशेब करून पाहू. तुमच्या आधी कुणाचा तरी गहू दळला गेला. जात्याच्या फटीत, नळकांड्यात, खालच्या कापडी पिशवीत थोडी कणीक राहतेच. समजा फक्त दहा ग्रॅम राहिली, म्हणजे दोन चमचे. त्यात साधारण एक ग्रॅम ग्लूटेन. ते तुमच्या पाच किलो ज्वारीत मिसळलं तर एका किलोला २०० मिलिग्रॅम, सुरक्षित मर्यादेच्या दहापट. मर्यादेत राहायचं तर पाच किलोत एक ग्रॅमपेक्षा जास्त कणीक जाता कामा नये. चक्कीवाल्याने कितीही झटकलं तरी हे त्याच्या हातात नाही. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, त्याचा धंदाच गव्हाचा आहे.

मग काय करायचं? खर्चाच्या चढत्या क्रमाने सांगतो.

पहिलं, दळणाची गरजच कमी करा. भात, वरण, खिचडी, भगर, साबुदाणा, पोहे यांना चक्की लागत नाही. इडली, डोसा, धिरडी यांना तांदूळ-डाळ भिजवून घरीच वाटता येते. आठवड्यातली निम्मी जेवणं अशी निघतात. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

दुसरं, मिक्सरला फक्त या पिठासाठी वेगळं भांडं घ्या. धुऊन कडक वाळवलेली ज्वारी थोडी थोडी बारीक करून नव्या चाळणीने चाळली की दोन-तीन दिवसांच्या भाकरीचं पीठ होतं. पीठ ताजं असेल तर भाकर तुटतही नाही. गरम पाण्यात पीठ मळलं, किंवा त्यात थोडं तांदळाचं पीठ घातलं, तर शाळेच्या डब्यातही ती मऊ राहते.

तिसरं, घरघंटी. ती स्वस्त नाही, हजारांत जाते. पण ती एकदाच घ्यायची आहे. त्या मुलीच्या आईने बचत गटातून कर्ज घेऊन घेतली, आणि अट घातली की तिच्यात गहू कधीच पडणार नाही. आता आजूबाजूच्या बायका उपासाची भगर, राजगिरा, नाचणी तिच्याकडे दळून नेतात आणि पैसे देतात. आधीचा तीन हजारांचा महिना धरला तर काही महिन्यांच्या पाकिटांच्या पैशांत ती घरघंटी निघाली.

दुकानातून आणलेल्या धान्यातही गव्हाचे दाणे सापडतात, कारण पोती शेजारी शेजारी असतात आणि माप एकच असतं. म्हणून पीठ विकत न घेता अख्खं धान्य घ्या, ताटात पसरून निवडा, धुवा, वाळवा. हे काम आजीला द्या. नातवंडाच्या आजारात काहीतरी करायला मिळालं म्हणून ती खूश असते, आणि तिच्याइतकं बारीक कुणी निवडत नाही.

स्वयंपाकघरात चार वस्तू वेगळ्या हव्यात: चाळणी, परात, तवा आणि पिठाचा डबा. पोळपाट-लाटणं लाकडी असेल तर तेही वेगळं. बाकी भांडी नीट घासली तर चालतात. तिचा स्वयंपाक आधी करायचा, मग घरच्यांच्या पोळ्या. घरातल्या सगळ्यांनी गहू सोडण्याची गरज नाही, रेशनचा गहू बाकीच्यांना खाऊ द्या.

नऊ दिवस सगळ्यांसारखे

आहारापेक्षा अवघड असतं ते चारचौघांत खाणं. लग्नात, वाढदिवसाला, शेजारच्या घरी, देवळात. रोडग्यांच्या पंगतीत सगळे रोडगे-वांग्याची भाजी खात असताना हिने डबा उघडायचा. "एक घास खाल्ल्यानं काय होते?" असं म्हणणारी आत्या किंवा मावशी प्रत्येक घरात असते, आणि ती प्रेमानेच म्हणत असते. त्यांना मी एकच सांगतो: एका घासाने ती तुमच्यासमोर आजारी पडणार नाही, पण तिच्या आतड्याला तो घास कळतो.

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला केवढी गर्दी असते ते तुम्ही जाणता. त्या वर्षी नवरात्र संपल्यावर मुलगी आईबरोबर तपासणीला आली. आई म्हणाली, "साहेब, या नऊ दिवसांत हिला कुणीच काही विचारलं नाही. घरोघरी भगर, साबुदाणा, राजगिऱ्याचा लाडू. जे सगळ्या पोरींना दिलं तेच हिला." मुलगी मध्येच म्हणाली, "माझ्या ताटात वेगळं काहीच नव्हतं."

मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगतो आहे की उपासाला साबुदाण्याचा मारा करू नका. त्या दिवशी मात्र आपल्या उपासाच्या कपाटाकडे मी नव्याने पाहिलं. आपल्या प्रत्येक घरात धान्याशिवायचा एक पूर्ण स्वयंपाक तयार आहे. त्यासाठीची भांडीही बऱ्याच घरांत वेगळी असतात, आणि 'यात ते मिसळू नको' ही शिस्त आपल्या आज्यांना कुणी शिकवावी लागत नाही. सिलिअॅकच्या घरी हीच शिस्त वर्षभर पाळायची आहे. मी आता नवीन रुग्णाच्या घरच्यांना हेच उदाहरण देतो, आणि त्यांना ते लगेच समजतं. एवढंच पाहा, की उपासाचं तयार पीठही गव्हाच्याच चक्कीवर दळलेलं असू शकतं.

सहा महिन्यांनी तिची टीटीजी पुन्हा तपासली, आकडा निम्म्याहून खाली आला होता. वर्षाने हिमोग्लोबिन साडेअकरा झालं. भिंतीवरच्या पट्टीवर ती सात सेंटिमीटर वर सरकली. या आजारात सख्ख्या भावंडांना आणि आईवडिलांना धोका जास्त असतो, साधारण दहांत एकाला. म्हणून तिच्या भावाचीही तपासणी करून घेतली, ती सामान्य आली.

गहू सोडण्याआधी हे वाचा

आता सुरुवातीला म्हटलेल्या पहिल्या प्रकारच्या वाचकांसाठी. पोट फुगतं, गहू खाल्ला की जड वाटतं, म्हणून तुम्ही उद्यापासून गहू बंद करणार असाल तर आधी थांबा. सिलिअॅकची रक्ततपासणी आणि आतड्याची तपासणी गहू चालू असतानाच बरोबर येते. आधी गहू सोडला तर आतडं सुधारायला लागतं, तपासणी खोटी 'सामान्य' येते, आणि पुढे निदानासाठी काही आठवडे मुद्दाम गहू खावा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: डॉक्टरांना दाखवा, टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए तपासा, गरज पडली तर तज्ज्ञांकडे जा, मग ठरवा. तपासणी सामान्य असेल आणि नुसतं वजन कमी करायचं असेल तर ग्लूटेन-फ्री बिस्किटांनी ते होणार नाही. त्यांत साखर आणि तूप-तेल इतर बिस्किटांइतकंच, कधी जास्तच असतं.

आणि घरात खरोखरच हे निदान झालं असेल तर पहिल्या महिन्यासाठी एवढी यादी चिठ्ठीवर उतरवून घ्या:

– अख्खी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, भगर
– अख्ख्या डाळी, कडधान्यं, शेंगदाणे
– पोहे, साबुदाणा, राजगिऱ्याच्या लाह्या
– अख्खे मसाले, घरी कुटण्यासाठी
– तांदळाच्या पिठातला हिंग, नाहीतर हिंग बंद
– नवी चाळणी, परात, तवा, झाकणाचा डबा, मिक्सरचं एक भांडं

दूध, दही, अंडी, मांस-मासे, भाजीपाला, फळं, तूप, तेल, गूळ हे सगळं नेहमीसारखं. काही मुलांना सुरुवातीचे काही आठवडे दूध पचत नाही, आतडं सुधारलं की पचायला लागतं.

एखाद्या डब्याबद्दल किंवा पाकिटाबद्दल शंका आली तर ते फेकू नका आणि खाऊही नका. पुढच्या तपासणीला येताना पिशवीत घालून घेऊन या, मागची बाजू आपण मिळून वाचू.